नाना, वर्षातून एकदा पुरे

गोळी झाडणाऱ्या माणसाला मी स्वतःच्या हाताने साबण दिला. नळही मीच सोडला. ‘नाना, आधी हात स्वच्छ धुवा, मग सावकाश बोलू,’ असं म्हणालो आणि दाराशी उभं राहून पुसायला कागदी टॉवेल पुढे केला. संशयिताच्या हातावरचे बंदुकीच्या दारूचे कण टिपून घेण्याआधी त्याला पाण्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हे आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. नव्या भरतीला ते शिकवायला मीच जात असे, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बरीच वर्षं झाली, पण ती संध्याकाळ अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. साबणाला लिंबाचा वास होता, तेही आठवतं.

मी मिशिगनमध्ये, नोव्हायजवळच्या एका लहान उपनगराच्या पोलीस खात्यात तेवीस वर्षं काढली. मूळचा साताऱ्याचा. आलो होतो एम.एस. करायला. मग कॉम्प्युटरची नोकरी लागली, ती मंदीत गेली, आणि नागरिकत्व मिळाल्यावर पोलीस भरतीची जाहिरात बघून अर्ज टाकला. वडील साताऱ्यात हवालदार होते. ते फोनवर म्हणाले, ‘हेच करायचं होतं तर विमानाचं तिकीट कशाला काढलंस?’ आई नातेवाइकांना कित्येक वर्षं ‘तो तिकडे सरकारी नोकरीत आहे’ एवढंच सांगायची.

शेवटची दहा वर्षं मी तपास अधिकारी होतो आणि जोडीला खात्याचा नेमबाजीचा शिक्षकही. त्यामुळे आपल्या मंडळींत माझं एक वेगळं स्थान होतं. डॉक्टरला जसे लग्नात लोक गुडघे दाखवतात, तसे मला लोक पॉटलकच्या सामुदायिक जेवणात पिस्तुलांबद्दल विचारत. त्या सुमारास आमच्या भागात आपल्या लोकांची घरं फुटत होती. आपल्याकडे सोनं घरात असतं आणि सणावाराला सगळं कुटुंब एकदम बाहेर पडतं, हे चोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. नानांचं घर असंच एका शनिवारी फुटलं.

नाना म्हणजे नागपूरचे एक गृहस्थ. मोटारींच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, बायको वारली, मुलगा कॅलिफोर्नियात. वेळ जाईना म्हणून त्यांनी वाणसामानाचं दुकान काढलं. मागच्या किचनमध्ये एक मावशी पोळ्या आणि थालीपिठं करायच्या. त्या कोल्हापूरकडच्या, पन्नाशीच्या, एकट्या. नानांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहायच्या. माणूस म्हणून नानांना कोणी नाव ठेवणार नाही. बायकोचे दागिने चोरीला गेल्यावर मात्र ते आतून हलले होते. त्यांनी परवान्याचा वर्ग केला आणि पँटच्या खिशात मावेल असं तळहाताएवढं पिस्तूल घेतलं.

आता माझ्या घरची एक पद्धत सांगायला हवी. वडिलांच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. रायफली ओळीने मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेढे. मी इथे आल्यावरही ती पद्धत घरी चालू ठेवली. माझं सर्व्हिस पिस्तूल रिकामं करून पाटावर, शेजारी मुलाचा लॅपटॉप, बायकोचं शिलाई मशीन. त्या वर्षी नानाही आपलं पिस्तूल घेऊन आले. मी शिक्षक. घरात भरलेलं पिस्तूल चालणार नाही म्हणून त्यांना मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढायला लावलं, नळीच्या बुडाशी गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि पिस्तूल व मॅगझिन वेगवेगळं ताटात ठेवलं. सगळे कौतुकाने बघत होते. बायकोने पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, इथे कोरडं उडतं आणि गालिचा खराब होतो म्हणून.

मग श्रीखंड घेताना नानांनी मला विचारलं, ‘साहेब, याची प्रॅक्टिस किती करावी लागते?’

हा प्रश्न मला खात्यात कोणी विचारला असता तर मी अर्धा तास बोललो असतो. नानांना मी म्हणालो, ‘अहो, हे पिस्तूल खिशात ठेवायला असतं. वर्गात गोळ्या झाडल्यात तेवढ्या पुष्कळ झाल्या. दसऱ्याला बाहेर काढा, पूजा करा, पुसून ठेवा. वर्षातून एकदा पुरे.’ सगळे हसले. लोक हसले की माझी अक्कल तिथेच थांबते.

नानांनी मॅगझिन परत सरकवलं, पुढच्या खोलीत जाऊन पिस्तूल सज्ज केलं आणि खिशात टाकलं. त्याच खिशात गाडीच्या आणि दुकानाच्या किल्ल्या होत्या. त्यांचा खुळखुळाट मला ऐकू आला होता. पण मी दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होतो.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. नानांच्या दुकानामागे गोळीबार, एक बाई जखमी. घड्याळं नुकतीच मागे गेली होती, सहाला काळोख झालेला. मी पोचलो तेव्हा मावशींना रुग्णवाहिकेत चढवत होते. गोळी उजव्या गुडघ्याच्या वर शिरली होती. नाना भिंतीला टेकून बसले होते, हात रक्ताने माखलेले, कारण जखमेवर त्यांनीच ओढणी दाबून धरली होती. मला बघून ते मराठीत रडायला लागले. गस्तीवरची एक तरुण अधिकारी हातावरचे नमुने घ्यायची पेटी उघडून उभी होती. तिला मी म्हणालो, ‘राहू दे. ते फिर्यादी आहेत. म्हातारा माणूस आहे, धक्क्यात आहे.’ ती माझ्याकडे एक क्षण जास्तच बघत राहिली. मग साबणाचा प्रकार झाला. कागदी टॉवेल घेऊनही ज्या खिशाला नाना ओले हात पुसत होते, त्या खिशात ते पिस्तूल त्या वेळीही होतं.

नानांचा जबाब असा: दुकान बंद करून दोघं मागच्या बाजूला गाडीपाशी आले. तोंड झाकलेला एक धिप्पाड माणूस धावत आला, त्याने बॅग मागितली, गोळी झाडली आणि पळाला. आमच्या ठाण्याच्या कॅप्टनने मला विचारलं, दुकानदाराच्या नावावर एक पिस्तूल नोंदलेलं दिसतंय, ते कुठे आहे? मी नानांना न विचारताच उत्तर दिलं, ‘घरी, देवाच्या कपाटात. मला माहीत आहे.’ भाषा येते म्हणून तपास माझ्याकडे आला होता. भाषा येत नसती तर कदाचित मी विचारलं असतं.

शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक माणूस पळत जाऊन ब्रेडच्या व्हॅनमध्ये बसताना दिसला. व्हॅनवरून कंपनी सापडली, कंपनीकडून नाव. दोन तासांत त्याला घरातून उचलला. नानांच्या दुकानात पाव पोचवणारा ड्रायव्हर, वय चाळीसच्या पुढे. विशीत असताना एका जबरी चोरीत शिक्षा भोगलेला. मी स्वतःवर खूष होतो.

चौकशीच्या खोलीत तो दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं. माल उतरवून निघाला, तर पावतीवर सही घ्यायची राहिली. म्हणून धावत परत आला. थंडी होती, तोंडावर मफलर होता.

‘म्हातारा दचकला,’ तो म्हणाला. ‘त्याने खिशात हात घातला, पण हात बाहेर येईना. किल्ल्या अडकल्या होत्या, मला आवाज आला. मग हात एकदम सुटला आणि गोळी उडाली. माझ्याकडे नाही, त्या बाईकडे.’

मी विचारलं, मग तू पळालास कशाला?

‘सर, माझी फाईल तुमच्यासमोर उघडी आहे. माझ्या जागी तुम्ही थांबला असतात?’

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. सोमवारी सकाळी नऊला कौटुंबिक न्यायालयात त्याची तारीख होती. त्याची घटस्फोटित बायको दुसऱ्या राज्यात चालली होती आणि अकरा वर्षांच्या मुलीला कायमचं बरोबर नेऊ पाहत होती. हा हजर राहिला नाही तर न्यायाधीश त्याच्याशिवायच निकाल देणार होता. तो म्हणाला, ‘माझं काय करायचं ते करा, पण सोमवारी नऊला मला तिथे उभं राहू द्या.’ मी वहीत लिहिलं, ‘आरोपी घरगुती सबबी सांगतो.’

खोटं बोलणारा माणूस मोठ्या गोष्टी बनवतो. तो टोळी बनवतो, मुखवटे बनवतो, काळी गाडी बनवतो. खिशात अडकलेल्या किल्ल्या सहसा कोणी बनवत नाही, कारण त्या त्याच्या काही उपयोगाच्या नसतात. हे वाक्य मी नव्या पोरांना दर वर्षी ऐकवत असे. त्या दिवशी मात्र मला ते आठवायची गरज वाटली नाही.

शुक्रवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला. जामीन त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याच दुपारी मी मावशींचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात गेलो. नाना त्यांच्या उशाशी बसलेले. नियम सांगतो की साक्षीदाराला एकट्याने भेटावं. पण नाना उठायला लागले तर मीच म्हणालो, ‘बसा हो नाना, तुम्ही घरचेच.’ मग विचारलं, मावशी, काय झालं? मावशी नानांकडे बघत म्हणाल्या की अंधार होता, काही दिसलं नाही. मी तेवढं लिहून घेतलं, त्यांच्या उशाजवळ फळं ठेवली आणि निघालो. ज्या माणसाच्या घरात ती बाई राहत होती आणि ज्याच्या किचनमध्ये काम करत होती, तोच माणूस दोन हातांच्या अंतरावर बसलेला. तिने काय सांगावं अशी माझी अपेक्षा होती, कोण जाणे. पुढे मावशींनी मला सुनावलं ते एवढंच: ‘साहेब, तुम्ही प्रश्न मला विचारला, पण बघत होता नानांकडं. मग मीबी तिकडंच बघितलं.’

शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या खात्याची पुरावा तंत्रज्ञ माझ्या टेबलाशी आली. पन्नाशीची बाई, बोलणं तोडून टाकणारं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गोळीची रिकामी पुंगळी होती, नानांच्या गाडीच्या चाकाखाली सापडलेली. ती कुठल्या पिस्तुलातून सुटली हे ठरवायला राज्याच्या प्रयोगशाळेत काही आठवडे लागणार होते. पण पाठवण्यापूर्वी तिला पुंगळीच्या बुडाशी, कडेच्या खाचेत, काहीतरी लाल सुकलेलं दिसलं होतं.

‘रक्त असेल म्हणून चाचणी केली,’ ती म्हणाली. ‘रक्त नाही. रंग नाही. लिपस्टिक पण नाही. तुला काही सुचतंय?’

भिंगाखाली बघायची गरजच नव्हती. ते कुंकू होतं. कालवलेलं. आणि ते कोणाच्या बोटाने लागलं होतं तेही मला ठाऊक होतं.

मी तिला म्हणालो, ‘सांगता येत नाही.’

घरी गेलो. बायकोला विचारलं, दसऱ्याला नानांच्या पिस्तुलाला कुठे कुठे कुंकू लावलं होतंस? ती म्हणाली, ‘अहो, तुम्हीच ताट पुढे केलंत ना. पिस्तुलाला लावलं, आणि त्या दुसऱ्या तुकड्यातून एक गोळी वर दिसत होती. नाना म्हणाले, वहिनी, तिलाही लावा. लावलं.’ मग तिने माझं तोंड बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने ड्रायव्हरची तारीख कधी आहे ते विचारलं. सोमवारी नऊला, मी म्हणालो. ती भांडी आवरायला निघून गेली.

ज्यांना पिस्तुलाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅगझिनमध्ये सगळ्यात वर असलेली गोळी पिस्तूल सज्ज करताना चेंबरमध्ये जाते आणि पहिली तीच सुटते. नानांच्या मॅगझिनची वरची गोळी मीच उघडी ठेवायला लावली होती, सुरक्षिततेचा धडा म्हणून. ती नंतर चेंबरमध्ये गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. मधल्या काळात नानांनी एकदा जरी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पिस्तूल चालवलं असतं, तर ती कुंकवाची गोळी कागदी निशाण्यात गेली असती आणि मावशींच्या मांडीत दुसरी कुठलीतरी शिरली असती. किंवा एकही शिरली नसती. ती गोळी तिथे होती यावरूनच सिद्ध होत होतं की नानांनी माझा सल्ला अक्षरशः पाळला.

मी त्याच मिनिटाला फोन उचलायला हवा होता. कॅप्टन शनिवारीही फोन घेत असे. मी स्वतःला सांगितलं की आधी खात्री करून घ्यावी. पोलिसाला भीती वाटली की तो खात्री करायला लागतो. खरं म्हणजे मला दिसत होतं ते असं: कोर्टात एक वकील उठणार आणि विचारणार, या दुकानदाराला सरावाबद्दल सल्ला कोणी दिला? आणि खात्याचा नेमबाजी शिक्षक हात वर करणार.

रविवारी संध्याकाळी मी नानांच्या घरी गेलो. एकटा, युनिफॉर्म नाही, रेकॉर्डर नाही. मी काही न विचारताच नाना आत गेले आणि पिस्तूल आणून माझ्यापुढे टीपॉयवर ठेवलं. मी ते उघडून पाहिलं. आतल्या गोळ्यांच्या सांदीत खिशातला कापडाचा भुगा आणि बडीशेपेचे दोन दाणे होते. नानांनी मान खाली घातली.

‘मुलगी असल्यासारखी आहे ती माझी,’ ते म्हणाले. ‘मी तिला मारलं काय हो? कोणीतरी धावत आलं. मला वाटलं तेच लोक आले परत. हात घातला तर किल्ल्या. जोरात ओढला. कधी उडाली ते कळलंच नाही.’

मी विचारलं, मग त्या ड्रायव्हरचं नाव का घेतलंत?

‘मी कुठे घेतलं? मी म्हणालो, कोणीतरी होता. तुम्हीच पकडून आणला. मग मला वाटलं, साहेबांना माहीत असेल.’ आणि पुढे म्हणाले, ‘तुम्ही हात धुवायला सांगितलंत, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला सांभाळून घेताय.’

तेवीस वर्षांत माझ्यावर पुष्कळांनी पुष्कळ आरोप केले, पण हा सगळ्यात जड होता, आणि तो नानांनी आरोप म्हणून केलाच नव्हता. त्यांना वाटलं होतं, आपला माणूस आहे.

इथे मी शेवटची आणि सगळ्यात वाईट चूक केली. त्याच वेळी त्यांना गाडीत बसवून ठाण्यावर न्यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, ‘नाना, उद्या सकाळी तुम्ही स्वतः या. स्वतः होऊन आलात की ते कोर्टात बरं दिसतं.’ त्यांना सोयीचं व्हावं म्हणून मी त्यांना एक रात्र दिली. ती रात्र माझी नव्हतीच. ती लॉकअपमध्ये बसलेल्या माणसाची होती.

सोमवारी साडेसातला मी कॅप्टनच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, कुंकवापासून साबणापर्यंत. त्याने मला अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘शनिवारी तू हे ओळखलंस तेव्हा घड्याळात किती वाजले होते?’ मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. साडेआठला नाना आले, इस्त्रीचा शर्ट, हातात औषधांची पिशवी. त्यांचा जबाब दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतला. मला त्या खोलीत जायला मनाई होती. काचेतून मला दिसलं, ते खिशात हात कसा अडकला ते हात करून दाखवत होते. अगदी तसंच, जसं ड्रायव्हरने गुरुवारी सांगितलं होतं.

सरकारी वकिलाला कळवणं, आरोप मागे घेणं, जेलचे कागद, सह्या. ही यंत्रणा माणसाला आत घालताना जेवढी चपळ असते तेवढी बाहेर काढताना नसते. ड्रायव्हर दुपारी दोनला सुटला. कौटुंबिक न्यायालयात त्याचं नाव नऊ वाजून पाच मिनिटांनी पुकारलं गेलं होतं.

नानांनी गुन्हा कबूल केला. निष्काळजीपणे गोळी झाडून इजा आणि पोलिसांना खोटी माहिती. काही महिने जेल, मग देखरेखीखाली सुटका. पिस्तुलाचा परवाना अर्थातच गेला, दुकानही गेलं. मावशींचा गुडघा पुन्हा वाकला नाही. त्या आता एडिसनला बहिणीकडे असतात आणि काठी घेऊन चालतात. माझी खातेनिहाय चौकशी झाली, काही आठवडे निलंबन झालं, आणि नेमबाजीच्या शिक्षकपदावरून मला काढलं. ते बरोबरच होतं. त्या जागी ती गस्तीवरची तरुण अधिकारी आली, जिच्या हातातली पेटी मी बंद करायला लावली होती.

निलंबनाच्या काळात मला दुसरं काम नव्हतं. एके दिवशी मी एका रेंजवर गेलो आणि नानांच्या पिस्तुलासारखंच एक पिस्तूल भाड्याने घेतलं. तोपर्यंत मी तसल्या लहान पिस्तुलातून फार तर वीसेक गोळ्या झाडल्या असतील, आणि लोकांना वर्षानुवर्षं त्याबद्दल सल्ले देत होतो. सात यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या. कागदावर दोन लागल्या. एक तर शेजारच्या माणसाच्या कागदावर. त्याने सभ्यपणे मान वळवली.

लोकांना वाटतं, पिस्तूल लहान म्हणजे सोपं. मुठीत दोनच बोटं मावतात, तिसरं हवेत लटकतं. वजन कमी म्हणून झटका जास्त. नेम धरायची खूण नखाएवढी. चाप लांब आणि जड, ओढता ओढता नळीचं तोंड खाली जातं. चालवायला ते इतकं नकोसं असतं की माणूस एकदा चालवतो आणि ठेवून देतो. म्हणजे ज्याला सराव सगळ्यात जास्त लागतो, त्याचाच सराव सगळ्यात कमी होतो. आता कोणी विचारलं तर मी हसवत नाही. सांगतो, महिन्यातून एकदा रेंजवर जा, पन्नास गोळ्या पुरेत, पण प्रत्येक गोळीकडे लक्ष ठेवून. आठवड्यातून दोनतीनदा घरी, पिस्तूल रिकामं करून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, दहा मिनिटं नुसतं काढायचा आणि चाप ओढायचा सराव करा. ज्या कपड्यांत आणि ज्या खिशात ते बाळगता, तिथूनच काढा. चाप झाकणारं म्यान वापरा आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवू नका, रुमालसुद्धा नाही. खिशातल्या गोळ्या रेंजवर झाडून संपवा आणि नव्या भरा. आणि हे सगळं करायला वेळ नसेल तर पिस्तूल घेऊ नका. दाराला चांगलं कुलूप लावा. कुलुपाला सराव लागत नाही.

या प्रकरणाने मला आणखी एक गोष्ट शिकवली, जी शिकवायला त्या वयात कोणी लागू नये. ‘आपला माणूस’ हे शब्द डोक्यात आले की तपास तिथेच थांबवून तो दुसऱ्याच्या हातात द्यावा. मी नानांना प्रश्न विचारले नाहीत ते प्रेमामुळे, असं मी पुष्कळ दिवस मानत होतो. पण त्या प्रेमाची किंमत मी दिली नव्हती. एका परक्या माणसाकडून ती परस्पर वसूल केली होती.

तो ड्रायव्हर मला नंतर एकदाच भेटला. मी न्यायाधीशांना पत्र लिहून चूक पोलिसांची होती हे कळवलं होतं. त्यावर तीन महिन्यांनी त्याला पुन्हा तारीख मिळाली, पण तोवर मुलीची शाळा दुसऱ्या राज्यात सुरू झाली होती. महिन्यातून दोन शनिवार मिळाले, एका बाजूने पाच तास गाडी चालवून. तो जप्त केलेला फोन आणि मफलर परत न्यायला ठाण्यावर आला होता. मी खिडकीपाशी गेलो आणि माफी मागितली. बरीच लांबलचक मागितली. त्यात पुंगळीवरचं लाल कुंकू आलं, माझ्या वडिलांची नोकरी आली, आपल्या समाजातली वडीलधाऱ्यांची भीड आली, सगळं आलं. तो सही करत ऐकत होता.

मग त्याने विचारलं, ‘ते लाल काय आहे हे ओळखायला तुम्हाला किती वेळ लागला?’

मी म्हणालो, लगेच ओळखलं.

‘आणि सांगायला?’

दीड दिवस, मी म्हणालो.

त्याने मफलर गळ्यात टाकला, फोन खिशात ठेवला. म्हणाला, ‘माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. काही लपवलं तर कबूल करेपर्यंत तिला घास जात नाही. तुम्ही त्या दीड दिवसात किती वेळा जेवलात?’